तीन तासांचा उपास

अमृतराव गरडांनी बायकोसाठी आयुष्यात पहिल्यांदा उपास धरला, तोही आधी वजाबाकी करून.

त्याचं झालं असं. चांगुणाबाई लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाल्या होत्या. मंगळवारची दुपार. शेवगावातल्या त्यांच्या घरासमोर गाडी उभी होती, पुतण्या चालकाच्या जागेवर बसला होता आणि मागे दोन फुगलेल्या बॅगांमध्ये अळीव, डिंक, काळा मसाला, बाळाची दुपटी असा सगळा संसार कोंबलेला होता. विमान पहाटेचं, मुंबईहून. चांगुणाबाईंनी आजवर विमान पाहिलं होतं ते शिर्डीला दर्शनाच्या रांगेत उभं असताना, डोक्यावरून जाताना. आता त्याच्या पोटात बसायचं म्हटल्यावर त्यांचे पाय गाडीत शिरेनात.

"मला भ्या वाटतंय ओ," त्या म्हणाल्या. "वर आभाळात काय झालं तर हाक तरी कुनाला मारायची?"

"काय हुत न्हाई," अमृतराव म्हणाले. "समदं जग जातंय."

चांगुणाबाईंची धाकटी बहीण कडूबाई बोधेगावाहून खास आली होती. ताई परत येईपर्यंत दाजींच्या जेवणाखाण्याचं बघायचं, हे तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. तिनं बहिणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि कमरेवर हात ठेवून दाजींकडे वळली.

"जग जातंय म्हनं. दाजी, ताईनं तुमच्यासाठी किती उपास केले त्याची गिनती हाय का? वडाचा हाय, सोमवार हाय. तुमचा मुतखडा काढला तवा तर तिनं आठ दिस मीठ सोडलं हुतं. तुमी कवा तिच्यासाठी एक तरी केला का?"

पुतण्यानं काच खाली केली. समोरच्या ओट्यावर धुणं वाळत घालणाऱ्या आक्काबाईचा हात दोरीवरच थांबला. गल्लीत असा प्रश्न आजवर कोणत्याही गड्याला उघड्यावर विचारला गेला नव्हता.

अमृतरावांनी नजर वर आभाळाकडे नेली. ते घाबरले होते असं नाही. त्यांच्या डोक्यात हिशेब चालला होता.

तीस वर्षं त्यांनी एस.टी.च्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. खिडकीत बसायचं, गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि कर्ण्यातून ओरडायचं. कोणतीही गाडी त्यांना दोन आकड्यांत समजायची: सुटायची वेळ आणि पोचायची वेळ. दुसरीतून पहिली वजा केली की प्रवास. लेकीनं, अश्विनीनं, व्हॉट्सॅपवर आईच्या विमानाच्या दोनच ओळी पाठवल्या होत्या आणि अमृतरावांनी त्या पाठ केल्या होत्या. मुंबईहून बुधवारी पहाटे चारला सुटणार. सॅन फ्रान्सिस्कोला बुधवारी सकाळी सातला पोचणार.

म्हणजे तीन तास. तेही झोपेतले.

एवढ्या स्वस्तात एवढी मोठी कीर्ती मिळत असेल तर ती कोण सोडेल? अमृतराव दोन पावलं पुढे आले आणि आक्काबाईलाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चांगुणा, तुझं विमान सुटल्यापासून तू त्यातनं खाली पाय ठेवीपर्यंत माझ्या तोंडात अन्नाचा कण जानार न्हाई. चहा-पान्यावर ऱ्हाईन. मोहटादेवीची आन."

चांगुणाबाईंचे डोळे भरून आले. "अहो, कशाला? तुमाला भूक काढवत न्हाई."

"काढवंल."

"आन देवीची आन घेतली," कडूबाई हळूच म्हणाली. "आता मोडली तर त्याचं वाईट ताईवर जाईल. तेबी ती आभाळात असताना."

ही बाजू अमृतरावांच्या लक्षात आली नव्हती. पण तीन तासांत मोडायचं काय, असं म्हणून त्यांनी ती सोडून दिली. चांगुणाबाई डोळे पुसत, पण ताठ मानेनं गाडीत बसल्या. नवऱ्यानं चारचौघांत आपल्यासाठी उपास धरला, हे बळ मुंबईपर्यंत पुरण्यासारखं होतं.

रात्री कडूबाईनं हुलग्याचे शेंगोळे केले. अमृतरावांनी रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.

"दाजी, येक इचारू का," कडूबाई तव्यावरून मान वर करून म्हणाली. "नगरला जायाला आपल्याला दोन तास लागत्यात. मग अमेरिका तीन तासात कशी?"

"अगं, नगरला दोन तास कशामुळं लागत्यात? करंजीचा घाट हाय. तिसगावला थांबा हाय. आन मधी दर कोसाला कुनी ना कुनी हात करतंय. वर कोन हात करनार हाय?"

कडूबाईला हे पटलं. तिनं अजून एक भाकरी वाढू का म्हणून विचारलं, अमृतरावांनी तीही घेतली आणि निवांत झोपले.

सकाळी सहाला त्यांना जाग आली. तोंड धुऊन त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला आणि मोबाईल पुढ्यात ठेवून बाजेवर बसले. आत कडूबाईनं थालीपिठाचं पीठ मळून ठेवलं होतं. सातला फोन आला की पहिलं थालीपीठ तव्यावर, असं ठरलं होतं.

सात वाजले. फोन वाजला नाही.

"गाडी लेट असंल," अमृतराव म्हणाले.

सव्वासात झाले. कडूबाई दारात येऊन उभी राहिली. "आजून न्हाई?"

"येईल, येईल."

हे बोलल्यावर अमृतरावांना एकदम कसंतरी झालं. तीस वर्षं खिडकीवर येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि त्या बिचाऱ्यांचे चेहरे असे का व्हायचे ते त्यांना आज कळलं. साडेसातला मात्र त्यांना राहवलं नाही. त्यांनी अश्विनीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"बाबा? काय झालं?" अश्विनीचा आवाज दबका होता.

"आई पोचली का?"

"आई? आई उद्या सकाळी सातला पोचेल ना."

"उद्या?"

"हो, उद्या. बुधवारी."

"अगं बुधवार आज हाय."

"इथं आज मंगळवार आहे, बाबा. बरं, मी वर्गात बसलेय, बाळंतपणाच्या आधी श्वास कसा घ्यायचा ते शिकवतायत. बाई बघतायत माझ्याकडे. नंतर करते." फोन बंद झाला.

अमृतरावांनी मोबाईल उलटा करून बाजेवर ठेवला.

"श्वास घ्यायला शिकवत्यात?" कडूबाई म्हणाली. "आमाला तर कुनी शिकवलं न्हाई. तीन पोरं झाली."

"ते ऱ्हाऊ दे. ती म्हनली तिथं मंगळवार हाय."

"मग ताई बुधवारी निघून मंगळवारात कशी उतरंल?"

"मंगळवारात न्हाई. उद्या सकाळी सातला." अमृतरावांनी पुन्हा वजाबाकी केली. आज पहाटे चार ते उद्या सकाळी सात. पहिल्यांदा आकडा आला तो त्यांना खोटा वाटला. म्हणून बोटांवर मोजून पाहिला. तोच आला.

"सत्तावीस तास," ते म्हणाले आणि बाजेवर आडवे झाले.

कडूबाईचा चेहरासुद्धा खर्रकन उतरला. पण ती आत गेली आणि थालीपिठाच्या पिठावर ताट झाकून आली. "देवीची आन हाय," एवढंच म्हणाली.

नऊच्या सुमाराला बाबाजान गुरुजी आले. अमृतरावांचे हे बालमित्र, दोन घरं सोडून राहायचे आणि सकाळचा दुसरा चहा रोज इथं घ्यायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांचा सगळा जन्म चौथीच्या वर्गात गेला होता. एखाद्या पोराला गोष्ट कळली नाही तर ती दहा तऱ्हांनी सांगावी, पण आवाज चढवू नये, असा त्यांचा बाणा. निवृत्त झाल्यावर शिकवायला पोरं उरली नाहीत, म्हणून ते हाताला लागेल त्याला शिकवत.

कडूबाईनं त्यांच्यापुढे चहा आणि बेसनाचा एक लाडू ठेवला आणि सगळी हकिकत सांगितली. गुरुजींचा चेहरा फुलत गेला.

"अमृत, तू दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी केलीस," ते म्हणाले. "सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळातली, पोचायची वेळ अमेरिकेच्या. माझ्या म्हशीच्या दुधातून तुझ्या म्हशीची वैरण वजा करता येईल का?"

"एस.टी.त येकच घड्याळ असतंय."

"कारण एस.टी. शेवगावच्या उन्हात सुटते आणि शेवगावच्याच उन्हात पोचते. थांब, दाखवतो. कडूबाई, घरात एखादं मोसंबं आहे का? चेंडू?"

दोन्ही नव्हतं. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुढ्यातला लाडूच उचलला.

"ही पृथ्वी."

अमृतराव उठून बसले. रात्रीपासून काही न खाल्लेल्या माणसासमोर साजूक तुपाचा वास सुटलेली पृथ्वी धरली, तर त्याचं भूगोलात लक्ष लागतं, हे गुरुजींना पहिल्यांदाच समजलं.

"हा बेदाणा दिसतोय? हे शेवगाव. आणि बरोबर पाठीमागं हा काजूचा तुकडा, ते सॅन फ्रान्सिस्को. कडूबाई, मोबाईलचा दिवा लावा. हा सूर्य. बघ, सूर्य बेदाण्यावर आहे, म्हणजे आपल्याकडे सकाळ. तेव्हा काजूकडे काय?"

"अंधार," कडूबाई म्हणाली.

"शाब्बास. तिकडे काल संध्याकाळ होऊन रात्र पडते आहे. म्हणून अश्विनीच्या घरी अजून मंगळवार. आता लाडू फिरवतो. बेदाणा अंधारात चालला, काजू उजेडात आला. तिकडे बुधवारची सकाळ झाली, तेव्हा आपल्याकडे..."

"बुधवारची सांज," अमृतराव म्हणाले. त्यांचे डोळे काजूवरून हलत नव्हते.

"तिचं उद्या सकाळचं सात म्हणजे आपलं आज संध्याकाळचं साडेसात. साडेतेरा हजार किलोमीटर अंतर आहे, अमृत. विमान तासाला नऊशेच्या आसपास जातं. पंधरा-सोळा तास लागणारच. तुझ्या तीन तासांत जायचं तर बंदुकीच्या गोळीलासुद्धा धाप लागेल."

सत्तावीसवरून साडेपंधरावर आल्यामुळे अमृतरावांच्या जिवात जीव आला. घासाघीस करून चांगला भाव मिळाल्यासारखं त्यांना वाटलं. "म्हंजे आज सांजच्याला सुटला उपास."

"सुटला. आमचा रोजा बरा, इथला सूर्य बुडाला की सुटतो," गुरुजी हसत म्हणाले. "तुझा मात्र अमेरिकेतला सूर्य उगवल्याशिवाय सुटायचा नाही. असा कडक उपास आमच्यात मौलवीसाहेबसुद्धा करत नाहीत." आणि बोलता बोलता त्यांनी उजव्या हातानं चहाचा घोट घेतला आणि डाव्या हातातल्या पृथ्वीचा एक मोठा घास.

कडूबाईनं मोबाईलचा दिवा लाडवाजवळ नेला.

"गुरुजी," कडूबाई म्हणाली, "काजू कुठं हाय?"

गुरुजींचं चावणं थांबलं. घास गिळावा की बाहेर काढावा, हे त्यांना ठरवता येईना.

"तिथंच तर ताई उतरनार हाय," कडूबाई म्हणाली.

गुरुजींनी डोळे मिटले आणि गिळलं. मग उरलेला लाडू प्रकाशात धरून बारकाईनं पाहिला. "काळजी करू नका. थोडा किनारा उरलाय. धावपट्टी तेवढ्यात बसेल."

अमृतरावांना चिंता अमेरिकेची नव्हती. जगाचा एवढा मोठा वाटा दुसऱ्याच्या तोंडात गेला, याचं त्यांना दुःख होतं.

इथवर गोष्ट घरातच होती. पण कडूबाई भांडी घासायला मागच्या दारी गेली आणि तिनं ती कुंपणावरून आक्काबाईला सांगितली. आक्काबाईनं दळण टाकायला जाताना गिरणीत सांगितली. गिरणीत बचत गटाच्या अध्यक्षा सत्यशीलाबाई उभ्या होत्या. त्यांच्या कानावर जाईपर्यंत गोष्टीतले तीन तास, वजाबाकी आणि झोप हे सगळं गळून पडलं होतं. एवढंच उरलं होतं की, अमृतराव गरड बायको सुखरूप उतरेपर्यंत उपाशी बसले आहेत.

बाराच्या सुमाराला बचत गटाच्या बायका दारात आल्या. हातात नारळ, फुलं आणि शाल. मागे काही जणींनी आपापले नवरे आणले होते. ते उन्हात डोळे बारीक करून उभे होते.

"बघा नीट," सत्यशीलाबाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या. "मानूस कसा असावा ते."

अमृतरावांच्या खांद्यावर शाल पडली. कपाळावर कुंकू लागलं. हातात नारळ आला. नारळ म्हणजे अन्न, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

"चार शब्द बोला," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"मी काय बोलनार," अमृतराव म्हणाले आणि ते खरंच होतं, कारण तोंड उघडलं की पोटातून आवाज येत होता.

"बघा, किती नम्र हायत," आक्काबाई म्हणाली.

बायका गेल्यावर अमृतरावांनी शाल काढली, टोपी घातली आणि मागच्या दारानं सटकले. घरात बसलं की कडूबाईच्या फोडण्यांचा वास येत होता. ती सकाळपासून काही ना काही रांधतच होती. शेंगोळे झाले, लाडू वळले, मिरच्या तळल्या. या बाईला काही मन आहे की नाही, असं त्यांना वाटत होतं.

पाय आपोआप स्टँडकडे वळले. तिथं छगनचं हॉटेल होतं. अमृतरावांनी नोकरीत असताना तिथं इतकी भजी खाल्ली होती की छगन त्यांना पाहिलं की न विचारता घाणा टाकायचा. आपण फक्त चहा घ्यायचा, असं ठरवून ते कोपऱ्यातल्या बाकावर बसले. ताज्या भज्यांची परात त्यांच्यापासून हातभर लांब होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. आभाळात चांगुणा होती. तिच्यावर वाईट आणायचं नव्हतं. पण भज्याचा एक लहानसा, जळका, कोणीही न घेण्यासारखा तुकडा परातीबाहेर पडला होता. तो उचलून परत परातीत ठेवावा, एवढ्याच हेतूनं त्यांनी हात पुढे केला.

परात सरकली.

"अमृतराव," छगन तिच्यावर फडकं टाकत म्हणाला, "वैनी हवेत हायत."

"मी ठेवत हुतो आत."

"मी ठिवतो. तुमी चहा घ्या. पैसे नगत. आज तुमच्याकडनं घेतले तर बायको घरात घ्यायची न्हाई."

बाजूच्या बाकावर सत्यशीलाबाईंचा नवरा दत्तू बसला होता. त्याच्या पुढ्यात भजी होती, पण चेहरा पडलेला होता. "अमृतराव, तुमी आमचं वाटुळं केलं," तो म्हणाला. "बायको उद्या माहेरला चाललीया. गेवराईला. म्हनती, मी गाडीत आसंपर्यंत तुमी बी धरा उपास."

"मग धर की. दोन तासाचा तर परवास."

"आन गाडी ब्रेकडाऊन झाली म्हंजे?"

एस.टी.च्या जन्माच्या नोकरानं मान डोलावली. त्यांनी चहा संपवला. छगननं त्यांच्या नकळत त्यात जादा साखर घातली होती, तेवढ्यावर ते घरापर्यंत चालू शकले.

दुपार लांबत गेली. अमृतरावांना आभाळात विमान दिसायला लागलं, मग ते भाकरीसारखं दिसायला लागलं. पण चारच्या पुढे त्यांचं मन हळूहळू भुकेवरून निघून भलतीकडे गेलं. इतका वेळ ती वर आहे. दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं. वरच्या बॅगेपर्यंत तिचा हात पुरत नाही. तिला इंग्रजीत पाणी मागता येत असेल का? आजवर ती घरात उपाशी बसली की हे जेवून स्टँडवर जायचे आणि संध्याकाळी विसरूनही जायचे. दिवस एवढा मोठा असतो हे तिनं कधी सांगितलंच नव्हतं.

"सोडता का?" पाचला कडूबाईनं विचारलं. तिचा आवाज जरा वेगळाच, आर्जवी आला. "देवीला सांगू, म्हातारं मानूस हाय म्हनून."

"न्हाई," अमृतराव म्हणाले. "ती उतरू दे."

आता यात कालची फुशारकी उरली नव्हती. कडूबाईनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि सुस्कारा टाकून आत गेली.

सात वाजता बाबाजान गुरुजी आले. साडेसात जवळ आले तशी कडूबाईनं ताट वाढलं. बाजरीची भाकरी, शेंगोळे, तळलेली मिरची, बाजूला अख्खा, काजू शाबूत असलेला लाडू. अमृतरावांनी भाकरीचा तुकडा मोडून हातात धरला. एवढ्यात मोबाईल वाजला. पडद्यावर चांगुणाबाईंचा अर्धा चेहरा आणि विमानाचं छत दिसत होतं.

"अहो, टेकलं विमान." त्यांचा आवाज खणखणीत होता. "जेवलात का?"

अमृतरावांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेला. मध्ये कडूबाईचा हात आला.

"ताई, खाली पाय ठेवला का?"

"न्हाई गं. आजून आतच हाय. दार उघडलंय, पन समदे मधल्या वाटेत दाटून उभे हायत. पुढं येका बाप्याची बॅग वर अडकलीया. त्यो वढतोय, बाकीचे बघत्यात."

"देवीपुढं काय म्हनला हुता?" कडूबाई म्हणाली. "खाली पाय ठेवीपर्यंत."

अमृतरावांनी तुकडा ताटात ठेवला. त्यांनी पडद्यावर निरखून पाहिलं. दाटलेली माणसं, डोक्यावर बॅगा, कोणी हलायला तयार नाही. हे दृश्य त्यांच्या ओळखीचं होतं. पंधरा तासांची भूक आणि तीस वर्षांची नोकरी एकाच वेळी त्यांच्या आवाजात उतरली.

"चांगुणा, फोनचा आवाज मोठा कर. फोन वर धर."

"कशाला?"

"धर."

चांगुणाबाईंनी धरला. आणि अमेरिकेच्या भूमीवर टेकलेल्या त्या विमानात शेवगाव स्टँडचा आवाज घुमला.

"पुढं सरका, पुढं सरका. मधी गर्दी करू नका. ओ निळा शर्ट, बॅग मागनं काढा, आधी कडंला व्हा. बाया-मानसांना वाट द्या. चला, गाडी परत जायची हाय. उतरा लवकर."

सगळ्यांची डोकी फोनकडे वळली. मग मागून कोणीतरी हसत म्हणालं, "मास्तर, सुट्टे पैसे राहिले." चार-सहा जण हसले. निळा शर्ट नकळत कडेला झाला होता. मुंबईहून निघालेली ती माणसं हा आवाज जन्मापासून ऐकत आलेली. त्याला नाही म्हणायची सवय कोणाला असणार? रांग हलली.

"अहो, गप बसा आता," चांगुणाबाई लाजून म्हणाल्या, "समदे माझ्याकडं बघत्यात." पण त्या चालत होत्या. पडद्यावर लुगड्याचा काठ, चप्पल, मग दाराचा उंबरा दिसला.

"ठेवला पाय," त्या म्हणाल्या. "पन ही काय जमीन न्हाई वाटतं. बोगद्यावानी कायतरी हाय. लांब दिसतोय."

अमृतरावांचा हात पुन्हा थांबला. आता कडूबाई काय निवाडा देते, म्हणून त्यांनी भीतभीत तिच्याकडे पाहिलं.

"चालंल," कडूबाई घाईघाईनं म्हणाली. "बोगदा म्हंजे जमीनच. देवीला चालतंय. जेवा."

दिवसभर एक कण सोडायला तयार नसलेल्या बाईनं एवढा मोठा बोगदा सोडून दिला, याचं अमृतरावांना नवल वाटलं. त्यांनी घास घेतला. तो गिळून दुसरा मोडतात तो समोर पाहिलं, तर कडूबाई आपलं ताट घेऊन बसली होती आणि तिची अर्धी भाकरी संपली होती.

"कडूबाई," अमृतराव सावकाश म्हणाले, "तू आज जेवली नव्हतीस?"

कडूबाईनं मान वर केली नाही. "तुमी तीन तासाचा म्हनला. म्हनलं, सख्खी बहीन हाय, आपन बी धरावा. तेवढंच पुन्य." तिनं मिरचीचा तुकडा मोडला. "आजवर मी येवडे उपास केले, पन असं वाढत जानारं विमान बघितलं न्हाई."

"मग मघाशी सोडता का म्हनून इचारलं ते..."

"तुमी सोडला असता तर मला बी सोडता आला असता."

बाबाजान गुरुजींनी दोघांकडे पाहिलं, आणि पृथ्वीचा मोठा घास आपण सकाळीच घेतला होता, हे आठवून ते जरा लांब सरकून बसले.

"काय म्हनतीया कडी?" फोनमधून चांगुणाबाईंचा आवाज आला. "तीबी उपाशी? दोघं बी? आगं बया." त्यांच्या आवाजात खरोखर कळवळा होता. "आन मला इथं तीन येळा ताट आलं गं. मधी आइस्क्रीम बी दिलं. शेजारच्या पोरीनं तिचं बी मलाच दिलं. मी नको नको म्हनत हुते, पन टाकायचं कसं अन्न?"

शेवगावात यावर बोलायला कोणाचंच तोंड रिकामं नव्हतं.